दुःखाला तराजू कशाला?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. पुढे कुणाचे मूल तापाने लिंगैक्य झाले की सांत्वनाला आलेला म्हणे, "किल्लारीत घरेच्या घरे गेली, तुमचे तर एकच!" त्या माऊलीने हजारांचा आकडा घेऊन काय करावे? किल्लारीतही जो तो आपल्याच माणसासाठी रडला. हजारांसाठी कोण रडणार? मग शोकसभेत हळहळीची चढाओढ करणारे (अशा सभा आपण पाहिल्या आहेत) नेमके कुणासाठी रडतात? ढिगारा उपसणाऱ्याला आपला शोक मोजायला सवड नव्हती. तो खरा दासोह. अशा घरी जाल तेव्हा किल्लारी उंबऱ्याबाहेर ठेवा. बसा, माऊलीला लेकराविषयी बोलू द्या.