पूजा कुणाची आणि उत्क्रांती कुणाची?

प्रश्न : मुलगा-सून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतात. नातू नववीत आहे. त्याचा वर्गमित्र त्याला म्हणाला, डोळ्यासारखी रचना आपोआप होणं शक्यच नाही, तिच्यामागे बुद्धिमान कर्ता असणारच. फोनवर हे ऐकून मला समाधान वाटलं. मुलगा मात्र म्हणाला, 'आई, याला दुजोरा देऊ नकोस, हे विज्ञान नव्हे.' उत्क्रांती खरी मानायची, तर मी रोज पूजा करते ती कुणाची? शिवाय मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात उत्क्रांतीच सांगितली आहे, असं कीर्तनात ऐकलं आहे. ते नातवाला सांगू का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, मुलगा बरोबर सांगतो आहे, आणि त्यानं तुमच्या पूजेला धक्का लागत नाही.

हा वाद तुमच्या नातवाच्याच राज्यात कोर्टात गेला होता. डोव्हर गावाच्या शाळा मंडळानं २००४ साली ठरवलं, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीविषयी शंका घेणारं निवेदन वाचायचं आणि 'बुद्धिमान रचने'वरचं एक पुस्तक मुलांना सुचवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. अकरा पालकांनी दावा लावला. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला : हे विज्ञान नव्हे, धर्ममत आहे, सरकारी शाळेत ते शिकवता येणार नाही.

त्या खटल्यातलं मला सर्वांत लागलं ते वेगळंच. त्या पुस्तकाचे जुने खर्डे कोर्टात आले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सृष्टिनिर्मितीवाद शाळेत शिकवायला मनाई करताच खर्ड्यांतला 'निर्मिती' हा शब्द काढून तिथे 'रचना' घातलेला दिसला. एका ठिकाणी तर जुना शब्द नीट पुसला गेला नव्हता आणि दोन्ही शब्दांची अक्षरं एकमेकांत अडकून राहिली होती. पुस्तकाच्या प्रतींसाठी मंडळाच्या एका सभासदानं आपल्या चर्चमध्ये पैसे जमवले होते. शपथेवर विचारल्यावर ते लपवलं गेलं. देवासाठी म्हणून माणसं कोर्टात खोटं बोलली. देवाला अशा वकिलीची गरज पडते, असं तुमच्या मनाला तरी पटतं का?

त्याच कोर्टात उत्क्रांतीच्या बाजूनं पहिली साक्ष दिली केनेथ मिलर यांनी. ते जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धावान कॅथलिक. माकडवर्गातल्या आपल्या जवळच्या नातलगांत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जुळून झालेलं आहे आणि जोडाच्या खुणा त्यात अजून आहेत, हे त्यांनी समजावून सांगितलं. तुमचं उत्तर याच माणसात आहे. जे अजून उलगडलं नाही तिथेच देव बसवला, तर उद्या ते उलगडल्यावर त्याला तिथून उठावं लागेल. तुम्ही देवाला नमस्कार करता तो असा हिशेब मांडून नव्हे.

राहिला डोळा. डार्विननं ही शंका १८५९च्या ग्रंथात स्वतःच घेतली होती. खडकाला चिकटून राहणाऱ्या काही शंखजीवांत उजेड ओळखणाऱ्या पेशींचा नुसता खोलगा असतो. नॉटिलसचा डोळा बारीक भोकाचा, भिंगाशिवायचा. ऑक्टोपसला भिंगासकट पुरा डोळा. मधल्या पायऱ्यांवरचे डोळे आजही काम देत आहेत. नातवाला हे फोनवर सांगा, आवडेल त्याला. मित्राशी भांडू नकोस आणि त्याच्या देवाला नावं ठेवू नकोस, हेही सांगा.

दशावताराची गोष्ट जरूर सांगा, पण अवताराची म्हणून. पुरावा म्हणून सांगितलीत, तर डोव्हरमध्ये झालं तेच आपल्या घरात होईल. कासवापासून डुक्कर झालं असं जीवशास्त्र म्हणत नाही; दोघांचे पूर्वज फार मागे एक होते, मग वाटा फुटल्या. वराहानं पृथ्वी दातावर कशी उचलून धरली, ते मात्र त्याला तुमच्याकडूनच ऐकू द्या.