चाचणी आजाराच्या मुलखात यायला हवी

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे उपचार गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार बदलले. गाठीचा रक्तपुरवठा रोखणारे औषध आणि रोगप्रतिकारशक्तीला बळ देणारी इम्युनोथेरपी एकत्र देण्याची पद्धत आता रुळली आहे. मात्र तिचा भक्कम पुरावा आहे तो ‘क्लिअर सेल’ या नेहमीच्या प्रकाराबद्दल. चारपैकी सुमारे तीन रुग्णांना तोच असतो. उरलेल्यांच्या वाट्याला अनेक दुर्मीळ प्रकार येतात. त्यांतला ‘रीनल मेड्युलरी कार्सिनोमा’ 1995 मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा ओळखला. तो जवळजवळ केवळ सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे जनुक बाळगणाऱ्यांना आणि तेही ऐन तारुण्यात होतो. वाशीमसह विदर्भाचे जिल्हे सिकलसेलच्या पट्ट्यात येतात. म्हणूनच या कर्करोगावरच्या संयुक्त उपचारांच्या चाचण्यांत इथल्या रुग्णांना जागा मिळायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

आजाराचे मूळ मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मेड्युलात आहे. लघवी घट्ट करण्याचे काम तिथे चालते. त्यामुळे क्षार दाट आणि प्राणवायू तुटपुंजा. वाहकाच्या, म्हणजे एएस पॅटर्न असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी एरवी गोलच राहतात, पण इथे त्याही विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. वर्षानुवर्षे प्राणवायूची अशी टंचाई सोसताना आजूबाजूच्या पेशींतले एसएमएआरसीबी1 हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक तुटते, असा संशोधकांचा कयास आहे. निदान होईस्तोवर बहुतेकांचा आजार पसरलेला असतो आणि केमोथेरपी देऊनही रुग्ण जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष काढतो. अर्थात हजारो वाहकांमागे एखाद्यालाच हा कर्करोग होतो. सिकलसेल तपासणीच्या कार्डावर एएस लिहिलेले पाहून कुणी धास्तावण्याचे कारण नाही.

मग क्लिअर सेलमध्ये यशस्वी ठरलेली जोडी याही रुग्णांना सरळ देऊन टाकावी, चाचणीचा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. हातात काहीच नसताना हा प्रश्न माणुसकीचा वाटतो, पण पुरावा सावध करतो. लेन्व्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी दुर्मीळ प्रकारांच्या 158 रुग्णांना दिली गेली आणि जवळपास निम्म्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि निम्म्याहून अधिक रुग्ण पॅपिलरी या एकाच प्रकाराचे होते. उलट, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँटॅक्ट-03 या चाचणीत इम्युनोथेरपी आधीच घेऊन झालेल्या रुग्णांना कॅबोझँटिनिबसोबत अॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले. फायदा वाढला नाही, गंभीर दुष्परिणाम तेवढे वाढले. मेड्युलरी कर्करोगात तर इम्युनोथेरपीनंतर गाठ आटोक्यात येण्याऐवजी झपाट्याने फोफावल्याच्याही नोंदी आहेत. अशा ठिकाणी चाचणीविना दिलेले औषध हाही प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद राहत नाही आणि पुढच्या रुग्णाला त्यातून काही मिळत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो: गरीब, आदिवासी माणसाला पुन्हा गिनिपिग करायचे का? ही भीती पोकळ नाही. खम्मम आणि वडोदरा इथला मुलींवरचा एचपीव्ही लसीचा प्रकल्प 2010 मध्ये थांबवावा लागला आणि संमती घेण्यातल्या त्रुटींवर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. पण त्यातून धडा निघतो तो चाचणी नीट करण्याचा. औषध-चाचण्यांसाठीच्या 2019 च्या नियमांनी चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई बंधनकारक केली आहे. संमतीचा कागद रुग्णाला समजेल अशा बोलीत वाचून दाखवणे आणि ‘नाही’ म्हटल्यावरही नेहमीचे उपचार चालू ठेवणे, ही त्या नियमांची खरी कसोटी. शिवाय वगळण्यातही अन्याय आहेच. भारतातल्या सिकलसेलचा जनुकीय साचा आफ्रिकी साच्यांहून वेगळा आहे. अमेरिकेत जमलेल्या पुराव्यावरून इथल्या रुग्णाबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे अंदाजावर विसंबणे.

राहिला खर्चाचा मुद्दा. सिकलसेलच्या रुग्णाला वेळेवर हायड्रॉक्सियुरिया आणि रक्त मिळणे पहिले, यात शंका नाही. पण इम्युनोथेरपीची किंमत हा अटळ अडसर नाही, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने दाखवून दिले आहे. डोके-मानेच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांच्या चाचणीत तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, जोड दिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष मूत्रपिंडाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण आपल्या ऐपतीत बसणारा प्रश्न आपणच विचारायचा असतो, हे त्यातून सिद्ध होते.

हे करण्यासाठी नवी इमारत लागत नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, म्हणजे वाहकांची यादी तयार होतेच आहे. तरुण वाहकाच्या लघवीतून रक्त गेले तर ‘सिकलसेलमुळे होते असे’ म्हणून विषय सोडून न देता लगेच सोनोग्राफी व्हावी. गाठ निघालीच तर तिच्या तुकड्याची आयएनआय1 (एसएमएआरसीबी1 जनुकाचे प्रथिन) तपासणी होऊन त्याचा मेणाचा ब्लॉक जपला जावा आणि रुग्णाची नोंद नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या केंद्राकडे जावी. वाशीमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या आरोग्य केंद्रापासून मुंबईपर्यंतची ही साखळी त्याने हाती घ्यावी. एका जिल्ह्यात वर्षानुवर्षे एकही रुग्ण सापडणार नाही, पण देशभरच्या नोंदी एकत्र आल्या तरच चाचणी उभी राहील. दुर्मीळ आजाराला न्याय मिळतो तो अशा एकेका नोंदीतूनच.