वर्षाची ओहोटी

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. खाडी पाहायची तर इथल्या माणसाला घाट उतरून कोकणात जावं लागतं, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबं मालवणकडे निघतातही. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे होडीत बसलेल्यांचे डोळे डॉल्फिनची पाठ शोधत असतात. हा किनाऱ्यालगतचा, पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन उथळ पाण्यातला. नदीच्या गाळाने पाणी गढूळ होतं, पण मासळीही तिथेच जमते; आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकणाऱ्याला गढूळपणाची अडचण होत नाही. जवळच्या वाळूवर उत्तरेकडून आलेल्या कुरवांचे थवे उतरलेले असतात. नदी आणि समुद्र, पाणी आणि जमीन जिथे एकमेकांत मिसळतात, त्या काठावर डॉल्फिन आणि कुरव दोघांचंही पोट चालतं.

आपण मात्र रक्षण करायला निघालो की आधी नकाशावर रेषा ओढतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ मध्ये ती खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. या रेषा हव्यातच. त्या नसत्या तर भराव आणि इमारतींनी केव्हाच तिथवर मजल मारली असती. पण पक्षी रेषेच्या आत जगत नाही, तो वाटेवर जगतो. रोहित ठाण्याच्या खाडीत दिसतो तसा उजनीच्या गाळातही दिसतो. पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून दख्खनच्या धरणांवर येतो. त्याच्या वाटेतला एक मुक्काम नीट राखला आणि बाकीचे बुजवले, तर राखलेल्या मुक्कामाचा उपयोग किती?

रेषेपेक्षा पाण्याची हालचाल महत्त्वाची, याचा मोठा धडा ओडिशातल्या चिलिकाने दिला. तिथे डॉल्फिनही आहेत आणि लाखांनी येणारे स्थलांतरित पक्षीही. १९८१ पासून ते सरोवर रामसर यादीत होतं, तरी गाळाने समुद्राकडचं तोंड आवळत गेलं, पाण्याचा खारेपणा उतरला, मासळी घटली. १९९३ मध्ये ते संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत गेलं. कागदावरचं संरक्षण तेव्हाही शाबूतच होतं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं तोंड खोदल्यावर सरोवर सावरलं आणि २००२ मध्ये त्या यादीतून बाहेर पडलं.

हे सगळं धाराशिवला कशासाठी सांगायचं? कारण ओहोटी इथेही येते, फक्त वर्षातून एकदा. परंड्याचं सीना-कोळेगाव, माकणीचं निम्न तेरणा, नळदुर्गची बोरी आणि कितीतरी साठवण तलाव चांगल्या पावसाळ्यानंतर भरतात. मग रब्बीची आवर्तनं, पिण्याचं पाणी आणि उन्हाची वाफ मिळून पाणी उन्हाळ्यापर्यंत मागे मागे सरकत राहतं. रोज थोडा ओला गाळ उघडा पडतो आणि त्यातल्या किडे-अळ्यांवर तुतवार, चिखल्या, शेकाट्या चरतात. त्यांच्यामागे, जरा वाळलेल्या पट्ट्यात, शेतकरी गाळपेर करतो. पक्षी ओल्यात, माणूस वाफशात. दोघेही पाण्यामागोमाग सरकतात. हा शेजार कुठल्या अधिसूचनेने जमलेला नाही.

तो मोडू शकतो मात्र सहज. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशात धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना लोकांना आपली वाटणारच. २०१७ मध्ये राज्यात ती ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने सुरू झाली. हलक्या रानात काळी माती पडते, तलावात पाणी वाढतं. पाखरांसाठी गाळ राहू द्या, असं तहानलेल्या गावाला सांगणं निर्दयपणाचं होईल. पण यंत्र काठापर्यंत नेऊन तलावाच्या कडा भिंतीसारख्या उभ्या कापल्या, तर पाणी मागे सरत नाही, नुसतं खाली जातं. मग चरायला काठ नाही, गाळपेरीला जमीन नाही, आणि जनावराला पाण्यात उतरायची वाटही नाही.

म्हणून खोलगट भागातला गाळ काढावा आणि एक बाजू उताराची ठेवावी. किती खोदायचं आणि कुठे थांबायचं, एवढा विचार यंत्र लावण्याआधी व्हावा. चिलिकात खोदून जे राखलं, ते इथे काही ठिकाणी न खोदता राखता येईल. दोन्हीकडे पाण्याला त्याची चाल मोकळी ठेवणं हेच सूत्र आहे.

आपल्याकडे निसर्ग पाहायला दूर जाण्याची रीत पडली आहे. देवबागला डॉल्फिन दिसला नाही तर पैसे वाया गेले असं वाटतं. गावच्या तलावावर आर्क्टिकच्या बाजूने आलेला पक्षी चरत असतो, त्याचं नावही आपण विचारत नाही. किनाऱ्यावर संरक्षणाची किंमत काही अंशी पर्यटक भरतो. इथे पर्यटक येणार नाही, त्यामुळे किंमत अशी असावी लागेल की ती गावाला भरताना जड जाऊ नये. उताराचा एक काठ ही तेवढीच किंमत आहे, आणि तिचा पहिला लाभ गावाच्याच गुरांना आणि गाळपेरीला मिळतो.