शिडी धरणारे हात

जुगार म्हटले की पत्त्यांचा डाव डोळ्यांसमोर येतो, नाहीतर पानटपरीच्या आडोशाला आकडा लावणारा इसम. जुगाराची यंत्रणा घडवणारा कारागीर मात्र कोणाला दिसत नाही, कारण तो तेथे नसतोच. दूरच्या एखाद्या शहरात तो संगणकाची प्रणाली लिहितो. त्याची कंपनी ती प्रणाली दुसऱ्या कंपनीला पुरवते. ती दुसरी कंपनी क्रिकेट आणि फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा घेते. पैज लावणारा तरुण कोठेतरी धुऱ्यावर मोबाइल हातात धरून बसलेला असतो. कारागिराने त्याला पाहिलेले नाही, त्याने कारागिराचे नाव ऐकलेले नाही. या दोघांमध्ये काही नैतिक नाते आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

तो आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. वाशीम जिल्ह्यातून शिकून बाहेर पडलेला आणि अशाच एका कंपनीत नोकरीस लागलेला एक अभियंता, आपल्याच श्रद्धेचा, सुटीवर आला असता आम्हांस म्हणाला, "फादर, मी आयुष्यात एका रुपयाचीही पैज लावलेली नाही. मी फक्त सॉफ्टवेअर लिहितो. मग माझ्या हातून कोणते पाप घडते?" (हे संभाषण प्रायश्चित्त संस्काराबाहेरचे आहे आणि त्याच्या अनुमतीने येथे देत आहोत.) त्याच्या पगारावर वडिलांचे पीककर्ज फिटत होते, बहिणीचे परिचारिकेचे शिक्षण चालले होते. "सोड ती नोकरी" असे म्हणणे आम्हांला अगदी सोपे होते, कारण आमच्या घरातील चूल त्या पगारावर पेटत नव्हती.

वाशीमसारख्या जिल्ह्याचा आणि या धंद्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे, आणि तो कापसाचा आहे. कारंज्याचा कापूस नॅरोगेज गाडीने मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईला जात असे. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कच्या बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारयंत्रावर येत. त्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. ते भाव येणे थांबले तेव्हा १९६२च्या सुमारास मुंबईत कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याचा मार्ग धरला. हाच तो मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्यातील शब्द कापसाच्या बाजारातूनच आले. शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेल्या बोंडाचा भाव हीच जुगाराची सोंगटी झाली, आणि ते भाव वाहून आणणारे तारयंत्र हे त्या काळचे तंत्रज्ञान होते. तार जोडणाऱ्या कामगाराला मात्र कोणी दोषी धरले नाही, आणि ते योग्यच होते. ती तार मटक्यासाठी ताणलेली नव्हती.

आपल्याकडे शेतीलाही 'पावसावरचा जुगार' म्हणतात. हा वाक्प्रचार आम्हांला नेहमी खटकतो. सोयाबीन पेरणारा शेतकरी धोका पत्करतो खरा, परंतु त्या धोक्याच्या पोटातून धान्य निघते. त्याला साधले तर कोणाचे काही हिरावले जात नाही, उलट चार घरी अन्न पोहोचते. पैजेतून दाणाही निपजत नाही. एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याने गमावलेलाच असतो, आणि मध्ये बसलेला आपला हिस्सा काढून घेतो.

तरीही प्रत्येक पैज पाप आहे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाची भूमिका अशी की पैज किंवा नशिबाचा खेळ मुळात न्यायाविरुद्ध नाही. मात्र स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचे त्यात जाऊ लागले की तो अनीतीचा होतो, आणि त्याचा नाद माणसाला दास करू शकतो. सणाच्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत हाऊजी रंगते, लकी ड्रॉची तिकिटे खपतात, आणि त्या पैशातून कधी मंदिराचे छप्परही शाकारले जाते. आम्ही तीही तिकिटे विकली आहेत, तेव्हा कडकपणाचा आव आणणार नाही. परंतु हाऊजी रात्री दहाला संपते, आकडे पुकारणारा आपल्या ओळखीचा असतो, आणि कोणी घरचे सगळे पैसे लावू लागला तर त्याचा हात धरणारे शेजारीच बसलेले असतात.

आता त्या प्रणालीकडे वळू. दोन तुल्यबळ संघ खेळत आहेत असे समजा. प्रत्येकाचा भाव एक रुपयाला एक रुपया नव्वद पैसे आहे. एकाने एका संघावर शंभर लावले, दुसऱ्याने दुसऱ्यावर शंभर. दोनशे जमले, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद मिळाले आणि दहा रुपये पेढीकडे राहिले. म्हणजे शेकडा पाच. हे थोडे वाटते. पूर्वी सामन्याला एकच पैज लागत असे, आता ती प्रत्येक षटकावर, प्रत्येक चेंडूवर लागू शकते. तेच शंभर रुपये चौदा वेळा फिरवले तर सरासरीने निम्म्याहून कमी उरतात, आणि अजून सामना संपलेला नसतो. क्षणोक्षणी बदलणारे हे भाव माणूस मांडू शकणार नाही, ते प्रणाली मांडते. तीच प्रत्येक खेळणाऱ्याची नोंद ठेवते. सातत्याने जिंकणाऱ्यावर मर्यादा घालण्याची सोय तिच्यात असते. हरून बाजूला झालेल्याला बोनसचे आमिष दाखवून परत बोलावण्याचीही असते. ही शेवटची सोय कोणीतरी बसून, विचार करून लिहिलेली आहे, हे आम्ही त्या तरुणाला म्हणालो तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

"सुरी विकणारा खुनी असतो काय?" हा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. सुरीने भाजी चिरतात, आणि विकणाऱ्याला तिची किंमत एकदाच मिळते. अशा प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांचे करार मात्र पुष्कळदा वेगळे असतात. पैजा घेणाऱ्या पेढीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा असतो. पेढीचे उत्पन्न म्हणजे काय, तर लावलेल्या पैशातून जिंकलेल्यांचे पैसे वजा जाता जे उरते ते. अर्थात खेळणाऱ्यांनी एकंदर गमावलेली रक्कम. प्रत्येक जखमेमागे काही पैसे घेणारा सुरीविक्या आपण कोणी पाहिलेला नाही. येथे तो आहे.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा तर्तुल्लियन मूर्तिपूजेवर लिहीत असताना त्याच्यापुढे हीच माणसे उभी होती: मूर्ती घडवणारे ख्रिस्ती कारागीर आणि देवळांना धूप पुरवणारे ख्रिस्ती व्यापारी. आम्ही पूजा करत नाही, केवळ माल देतो, पोट कसे भरायचे, असे ते म्हणत. धूप औषधालाही लागतो आणि प्रेतसंस्कारालाही, हे तर्तुल्लियनला ठाऊक होते. तरी त्याने त्यांना सोडले नाही. तो फार कडक होता, आणि त्या कडकपणापायी पुढे ख्रिस्तसभेपासूनही दुरावला.

१६७९ साली परमगुरू अकरावे इनोसंट यांनी नीतिशास्त्रातील पासष्ट सैल मते धिक्कारली. त्यांतील एक मत एका नोकराबद्दल होते. मालक दुष्कृत्यासाठी परक्या घराच्या खिडकीतून आत शिरतो आहे; नोकर त्याला खांदा देतो, शिडी धरतो. नोकरी जाईल, मालक छळेल या भीतीने त्याने हे केले तर त्याला भारी पाप लागत नाही, असे ते मत. परमगुरूंनी ते नाकारले. अठराव्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरी यांनी या विषयाचा अधिक बारकाईने विचार केला. आम्ही सेमिनरीत तो शिकलो तेव्हा शिडी धरणारा हा मनुष्य आम्हांला पुस्तकी वाटला होता. दुसऱ्याच्या दुष्ट हेतूत सामील होणे वेगळे, आणि हेतू न स्वीकारता त्याच्या कृतीला हात लागणे वेगळे, हा तो भेद. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसऱ्यात हात कृतीच्या किती जवळ आहे आणि तो लावण्यास कारण किती गंभीर आहे, हे तोलावे लागते.

आमच्या मते कंपनीचे मालक आणि तिचा नोकर यांत येथे फरक पडतो. नोकराच्या घरी कर्ज असते, त्याला नोकरीची गरज असते. मालकांनी अनेक धंद्यांतून हा निवडलेला असतो, आणि हरणाऱ्याच्या पैशावरील वाटा स्वतः करारात लिहून घेतलेला असतो. ते शिडी धरत नाहीत, भाड्याने देतात, आणि भाडे आतून काय आणले त्यावर ठरवतात.

या बाबतीत अनुराग दीक्षित यांचे उदाहरण बोधक आहे. दिल्लीच्या आयआयटीतून शिकलेल्या या अभियंत्याने पार्टीगेमिंग या कंपनीसाठी इंटरनेटवरील पोकरची प्रणाली रचली. २००५ साली ती कंपनी लंडनच्या शेअरबाजारात आली आणि ते अब्जाधीश झाले. डिसेंबर २००८मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यांनी जुगारविषयक कायद्याखाली गुन्हा कबूल केला आणि तीस कोटी डॉलर सरकारजमा करण्याचे मान्य केले. पुढे त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग शिक्षणादी कार्यासाठी न्यासाकडे दिला. ज्यांचे गेले त्यांना मात्र ते परत मिळाले नाही. दान आणि परतफेड यांतले हे अंतर आपल्या नीतिशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

आपल्याकडेही मध्यंतरी बरेच काही घडले. मुंबईची ड्रीम इलेव्हन ही कंपनी खेळाडूंचे काल्पनिक संघ बनवून त्यावर पैसे लावू देत होती. हा कौशल्याचा खेळ आहे असे न्यायालयांनी मान्य केले होते आणि २०२३पासून भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव होते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि कंपनीने ते खेळ थांबवले. सदऱ्यावरचे नावही गेले. सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. (त्याच्या आदल्याच महिन्यात त्या वेळचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळत असल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, असे ते म्हणाले. पुढे त्यांचे खाते बदलले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले!)

या कायद्यातील एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तो खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. खेळ पुरवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि त्यासाठी पैशांची देवघेव करून देणारा यांना तो जबाबदार धरतो. म्हणजे शिडी धरणाऱ्यांनाच. परंतु या कायद्याने आमच्या तरुणाचा प्रश्न सुटला नाही. त्याची कंपनी प्रणाली परदेशी पेढ्यांना पुरवते आणि तेथे हा धंदा परवान्याने चालतो. शिवाय जे २१ ऑगस्टला निर्दोष होते ते एका सहीने सदोष झाले, असे सद्सद्विवेक मानत नाही. तिकडील परवान्याने तो शांतही होत नाही. हरणारा मुलगा परदेशातील असला म्हणून त्याची आई वेगळी रडत नाही.

आम्ही त्या तरुणाला काय सांगितले? प्रथम विचारले की तुझे नेमके काम कोणते. तो म्हणाला, दीड वर्ष खात्यांची सुरक्षितता पाहिली. आता खेळणे थांबवलेल्यांना परत आणणाऱ्या विभागात बदली होणार आहे, पगारही वाढेल. आमचे मत असे पडले की पहिले काम दूरचे आहे, घरच्या निकडीसाठी दुसरी नोकरी मिळेपर्यंत ते करता येईल, आणि ती त्याने मनापासून शोधावी. बदली मात्र त्याने स्वीकारू नये. त्या कामाचा हेतूच थांबलेल्या माणसाला पुन्हा हरायला लावणे हा आहे, आणि ते काम करणाऱ्याला तो हेतू आपला नाही असे म्हणता येणार नाही. काही धर्मगुरूंना हे मत सैल वाटेल, काहींना कडक. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की पहिल्याच दिवशी राजीनामा द्यायला सांगायला हवे होते. त्यांच्याशी आमचा वाद अजून मिटलेला नाही.

जाताना त्याने विचारले की आजवरच्या पगारातून कर्जाचे जे हप्ते गेले, त्यांचे काय. आम्ही म्हणालो, वडिलांना यातले काही सांगू नकोस असे आम्ही म्हणणार नाही, पण सोयाबीन घरात येईपर्यंत थांब. बदली त्याने नाकारल्याचे पत्र नंतर आले. नवी नोकरी अद्याप मिळालेली नाही.