श्वासापुरती जागा

आज बसायचं आहे ते अंड्यासमोर. उबवणी यंत्र विकत आणलेलं असेल, किंवा थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून तुम्हीच ते तयार केलं असेल, दोन्ही चालेल. यंत्र चालू करून निदान एक दिवस झालेला असावा, म्हणजे आतली ऊब स्थिरावते. फोन बाजूला ठेवा. हात धुऊन, कोरडे करून, एक अंडं उचला.

गावठी कोंबडीचं, फिकट मातकट रंगाचं. ते धुऊ नका. धुतलं की कवचावरचं जंतूंना अडवणारं पातळ आवरण निघून जातं. अंडं तळहातावर राहू द्या, बोटं सैल सोडा. त्याचं वजन जाणवेपर्यंत थांबा. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. बोथट टोकावरून अंगठा फिरवा. कवचाच्या आत, बरोबर तिथेच, हवेची एक लहानशी पोकळी आहे. ती लक्षात ठेवा. पुढचे एकवीस दिवस मन तिच्याभोवती ठेवायचं आहे.

अंडं आत्ता गार आहे. कोंबडीनं घातलं तेव्हा ते फलित असेल, तर बलकावर हजारो पेशींची एक पांढुरकी चकती तयार झालेली होती. अंडं गार पडलं आणि चकतीची वाढ थांबली. साधारण २० अंशांच्या खाली ती वाढत नाही, आणि आठवडाभर तरी तशीच थांबून राहू शकते. खेड्यात रवण बसवताना हेच घडतं. कोंबडी रोज एक-एक अंडं घालत जाते, आणि खुडूक झाली की सगळ्यांवर एकदम बसते. पहिलं अंडं शेवटच्या अंड्याची वाट पाहत थांबलेलं असतं, म्हणून पिल्लं बरोबरीनं निघतात. या थांबण्यापाशी थोडं रेंगाळा. हातातल्या अंड्यात काहीही चाललेलं नाही, आणि तरीही काही संपलेलं नाही.

आता डोळे मिटा आणि अंडं हलकेच पापणीला टेकवा. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जात. तिथले कारागीर थर्मामीटर नसताना ऊब ओळखत ती अशीच, अंडं पापणीला लावून. पापणीची कातडी पातळ, तिला थोडाही फरक कळतो. आपल्या यंत्रावर आकडा दिसतो: पंखा असेल तर ३७.५ अंश. आकडा नक्की पाळा. पण एकदा तरी ही ऊब पापणीनं ओळखून ठेवा. खुडूक कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडतात आणि उघडी कातडी अंड्यांना टेकते. तुम्ही यंत्राकडून मागताय ते त्या कातडीचं काम.

अंडी आत ठेवा, झाकण लावा, आणि पहिले दिवस मनातच पाहा, कारण डोळ्यांना काही दिसणार नाही. दुसरा दिवस संपायच्या आत हृदय धडधडू लागलेलं असतं. ॲरिस्टॉटलनं अंडी दिवसादिवसानं उघडून पाहिली होती. तीन दिवस-रात्रींनंतर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो उडत असतो, असं त्यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवून ठेवलं. तो ठिपका म्हणजे हृदय. अजून चोच नाही, पाय नाहीत, डोळे धड झालेले नाहीत, आणि ठोका सुरू आहे. स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवा आणि तो ठोका आठवा.

अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल; शाई नको. वेळा विषम ठेवतात, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच अंगावर येत नाही. यंत्रात फिरवणारी मोटर असेल तर चांगलंच आहे. नसेल तर मला वाटतं त्यात नुकसान नाही, कारण दिवसातून तीनदा हात धुऊन, प्रत्येक अंड्याला स्पर्श करून, फुलीचा गोल आणि गोलाची फुली करणं हे कोणत्याही जपाइतकं मनाला जागेवर आणतं. एक-एक अंडं फिरवा. दोन्ही हातांनी भराभर उरकू नका.

वीज गेली तर झाकण उघडू नका. खोक्यावर गोधडी घाला. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं खायला-प्यायला उठते, तेवढ्यानं गर्भाचं काही बिघडत नाही. वीज तासन् तास नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

सातव्या रात्री दिवे मालवा. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर अंड्याचं बोथट टोक टेकवा. कवच आतून केशरी उजळतं. लाल शिरांचं जाळं पसरलेलं दिसतं, आणि त्यात एक काळा ठिपका. तो डोळा. नीट पाहिलंत तर तो हललेला कळेल. फार वेळ पाहू नका, अंडं तापतं. पण परत ठेवण्याआधी टॉर्चजवळची मोकळी, उजळ जागा बघा. ती सुरुवातीची पोकळी. ती वाढली आहे. तिच्या कडेवरून पेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. चौदाव्या रात्री परत ओढा, अठराव्या रात्री परत. प्रत्येक वेळी रेघ खाली सरकलेली असेल.

इथे सावकाश बसा. माझ्या मते उबवणीतलं सगळ्यात खोल ते इथे आहे.

कवच घट्ट दिसतं, पण त्याला सुमारे दहा हजार बारीक छिद्रं असतात. ६० ग्रॅमचं अंडं एकवीस दिवसांत त्यांतून साधारण ६ लिटर ऑक्सिजन आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतं. फुफ्फुसं अजून कामाला लागलेली नाहीत; कवचालगत पसरलेल्या रक्तवाहिन्याच श्वासाचं काम करत असतात. पाणी जातं तसं अंडं हलकं होतं. अठराव्या दिवसापर्यंत ६० ग्रॅममधले सात-एक ग्रॅम गेलेले असतात. गेलेल्या पाण्याच्या जागी बोथट टोकाला हवा येते. पिल्लू आत वाढत असतं आणि अंडं त्याच वेळी रितं होत असतं. हे रितेपण चुकून येत नाही. पिल्लाला पहिला श्वास घ्यायचा आहे तो याच हवेत.

म्हणून आत दमटपणा किती ठेवायचा, हा प्रश्न खरं तर अंड्यानं किती गमवावं याचा असतो. पहिले अठरा दिवस साधारण ४५ ते ५५ टक्के. हवा फार दमट असली तर पाणी आतच राहतं, पोकळी लहान पडते आणि पिल्लाला श्वासाला जागा पुरत नाही. फार कोरडी असली तर पडदा आवळत जातो. कोकणात जुलैमध्ये यंत्रातला पाण्याचा ट्रे कोरडा ठेवूनही भागू शकतं. विदर्भात मे महिन्यात तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. तुमच्या घरातली हवा कशी आहे, हे आकड्याच्या आधी पेन्सिलीची रेघ सांगेल. डोळे मिटून ती सरकणारी रेघ पाहा. जपायचं म्हणजे काहीही कमी होऊ द्यायचं नाही, अशी आपली समजूत असते. इथे कमी व्हायला हवं तेवढं होऊ देणं, हेच जपणं आहे. श्वास सोडा, आणि तो पूर्ण बाहेर गेल्यावर क्षणभर थांबा.

अठराव्या रात्री शेवटची रेघ ओढली की अंडी फिरवणं बंद करायचं. पाणी वाढवायचं, दमटपणा ६५-७० टक्क्यांवर न्यायचा, आणि झाकण लावायचं ते आता पिल्लं निघेपर्यंत. इतके दिवस हातांना लागलेली सवय इथे थांबते. संतांनी आईपणाच्या उदाहरणात कासवी आणली. ती पिल्लांना नुसत्या दृष्टीनं पोसते, असं म्हणत. काचेबाहेर बसून राहणाऱ्याला तिची आठवण होतेच.

विसाव्या दिवसाच्या आसपास कान लावा. पिल्लानं आतला पडदा चोचीनं फोडलेला असतो, डोकं त्या पोकळीत आलेलं असतं आणि फुफ्फुसांत पहिल्यांदा हवा भरलेली असते. बंद कवचातून चिवचिव येते. पोकळीतली हवा काही तासांपुरतीच असते. ती संपत येते तसं पिल्लू चोचीवरच्या टोकदार काट्यानं कवचावर मारतं, आणि बाहेरून एक तडा दिसतो, कवचाचा एक टवका वर उचललेला.

त्यानंतर बहुधा बराच वेळ काही होत नाही. बारा तास, कधी चोवीस. हाच वेळ सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात. टवका काढून द्यावा, थोडी मदत करावी, असं वाटतं. मनात येणारी ती ओढ खरी आहे, तिला दटावू नका. पण तिच्यामागे जाऊही नका. आत काय चाललं आहे, ते एक-एक करून आठवा. कवचालगतच्या रक्तवाहिन्यांमध्ये अजून रक्त आहे आणि ते पिल्लाच्या अंगात परततं आहे. उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो आहे. घाईनं कवच सोललं तर ते रक्त सांडेल. झाकण उघडलं तरी दमट हवा निघून जाईल आणि पडदा वाळून पिल्लाला चिकटेल. बाहेरून पाहणाऱ्याला ते थकून पडलेलं वाटतं. ते कामात असतं. मांडीवर हात ठेवा. तुमचा श्वास चालू द्या.

मग अचानक ते आत गोल सरकत जातं, टाके उसवावेत तशी चीर बोथट टोकाभोवती फिरते, आणि टोपी उघडते. ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर पडतं. लगेच उचलू नका, वाळू द्या. पोटात गेलेला बलक त्याला दोन दिवस सहज पुरतो, त्यामुळे भुकेची काळजी नको.

काही अंडी उघडणार नाहीत. काही फलितच नव्हती, काहींतला ठोका मध्येच थांबला. बावीस-तेवीस दिवसांपर्यंत त्यांना वेळ द्या. मग ती वेगळी करून मातीत पुरा. त्या प्रत्येक अंड्यालाही तुम्ही तेवढ्याच वेळा फिरवलं होतं, याची आठवण असू द्या.

आणि निघालेल्यांपैकी साधारण निम्मे कोंबडे असतील. त्यांचं काय करायचं, हे अंडी यंत्रात ठेवायच्या आधीच ठरवलेलं असावं, असं मी आग्रहानं सांगेन. मुलांना गंमत दाखवण्यापुरती अंडी उबवू नयेत. ऊब देणाऱ्यावर त्या जिवांचं पुढचं आयुष्यही येतं.

वाळलेली पिल्लं खोक्यात हलवा. बल्बखाली पहिला आठवडा साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात गोटे टाका, म्हणजे कुणी बुडणार नाही. एकेकाची चोच हलकेच पाण्यात बुडवून द्या. आईनं जे दाखवलं असतं ते आता तुम्हाला दाखवायचं आहे. मग बाजूला बसून पाहा. बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पांगून धापा टाकत असली तर उकडतं आहे. त्याप्रमाणे बल्ब खाली-वर करा. पिसं फुटेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, हे रोज करायचं आहे.