दत्तप्रभूंच्या पायाशी बसलेले

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या प्रत्येकाच्या देवघरात दत्तप्रभूंची तसबीर असतेच. तीन शिरे, सहा हात, पाठीशी औदुंबर, मागे गाय आणि पायाशी चार श्वान. रोज सकाळी आपण गंध लावतो ते प्रभूंच्या कपाळी आणि चरणांना. त्या चार श्वानांना गंध लावताना मी फक्त माझ्या नातीला पाहिलं आहे, आणि तिला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. श्वान म्हणजे चार वेद, गाय म्हणजे पृथ्वी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरंच आहे. पण वेदच दाखवायचे तर चार पोथ्या दाखवता आल्या असत्या, चार ऋषी दाखवता आले असते. परंपरेने त्या जागी कुत्री बसवली. उष्ट्यावर जगणारं, सोवळ्यात ज्याला आपण शिवू देत नाही असं जनावर. यावर थांबून विचार करावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी बँकेत कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे काही वाचलं की बेरीज करून पाहायची खोड आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. तो अवधूत म्हणजे दत्तात्रेयच असं आपण मानतो. नाथमहाराजांचं एकनाथी भागवत याच स्कंधावर आहे. त्या चोवीस गुरूंत कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी असे अकरा मुके जीव निघतात. निम्म्याला एक कमी! पण गंमत अशी की त्यात गाय नाही आणि कुत्राही नाही. जे दोघे प्रभूंना सोडून एका चित्रातही दिसत नाहीत, त्यांची नावं गुरूंच्या यादीत नाहीत. मी त्याचा अर्थ असा लावला की अकरांकडून अवधूत शिकला, आणि हे दोघे त्याच्या घरचे. घरच्यांची यादी कोण करतो? हा अर्थ माझा आहे, शास्त्री मंडळींनी चूक असेल तर कान धरावा.

घरची म्हणाल तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुकी माणसं राहिली आहेत. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात. मी लहान असताना दावणीला गोदी नावाची गाय होती. स्वभावाने मानी. आईने हात लावल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. एकदा आई तापाने आठ दिवस आडवी झाली. पहिल्या दिवशी वडिलांनी चुचकारलं, गूळ दिला, गोदी ढिम्म. दुसऱ्या दिवशी वडिलांनी आईचं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि धार काढायला बसले. आम्ही पोरं गोठ्याच्या दारात तोंडावर हात दाबून उभी. गोदीने मान वळवून लुगडं हुंगलं, वडिलांकडे एकदा पाहिलं आणि दूध दिलं. तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तिने समजून घेतलं असावं.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्याची काय दशा झाली ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. वडिलांनी दोन्ही बैल बाजारात नेऊन विकले. संध्याकाळी परत आले ते हातात नुसती दावी घेऊन. ती त्यांनी खुंटीला अडकवली आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. गोदी तेव्हा भाकड होती. विकणं शहाणपणाचं ठरलं असतं. पण आईने छपरावरचं पाचट ओढून तिच्यापुढे टाकायला सुरुवात केली, आणि मग विकण्याचा विषय घरात कोणी काढला नाही. त्या पावसाळ्यात आमचं घर गळलं. गोदी त्यानंतर दोनदा व्याली, म्हातारी झाली आणि गोठ्यातच गेली. मळ्यात मीठ घालून तिला पुरली.

नगरला सावेडीत बिऱ्हाड केल्यावर गाय ठेवणं शक्य नव्हतं. तिथे आली मनी. मांजराचा आणि भक्तीचा काही संबंध नाही असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत, कारण सोवळ्याची धाबळी वाळत घातली की मनी नेमकी तिच्यावरच झोपायची. एका वर्षी तिने पिल्लं घातली ती माझ्या पेन्शनच्या कागदांच्या खणात. नोव्हेंबर महिना, हयातीचा दाखला द्यायचा, आणि कागदांवर तीन पिल्लं! एकेक कागद तिच्या पोटाखालून हळूच ओढून काढायला मला दोन दिवस लागले. कागद द्यायला तिची हरकत नसे, फक्त घाई केलेली आवडत नसे.

आणि आता काळू. चौदा वर्षांपूर्वी धाकट्या चिरंजीवांनी भर पावसात शर्टात गुंडाळून आणला. अंगाने काळा, कपाळावर पांढरा ठिपका. घरात कोणीही यावं, काळू शेपटी हलवणार. पण घरातली वस्तू उचलून कोणी जाऊ लागला की हा दारात आडवा. गॅसवाल्याला रिकामी टाकी नेताना मला फाटकापर्यंत सोबत जावं लागतं. असा कॅशियर बँकेत मिळाला असता तर! दिवाळीत फटाके सुरू झाले की देवघरातल्या चौरंगाखाली शिरतो. गुरुवारी आरतीला शंख वाजला की मान वर करून सूर लावतो. शेजारच्या काकू म्हणतात मागच्या जन्मीचा कोणी साधक. डॉक्टर म्हणतात कुत्र्याचे कान तिखट असतात. मला दोन्ही चालतं. काही भक्तांकडून ऐकतो की त्यांचा कुत्रा गुरुवारी उपास करतो. आमच्याकडे तो चमत्कार नाही. काळू गुरुवारची वाट पाहतो ती भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीसाठी.

हा विषय यंदा मुद्दाम घेतला त्याला कारण आहे. गेल्या जयंतीच्या आधी मी नेहमीप्रमाणे गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो. पाचव्या दिवशी वाचन चालू असताना बाहेर काळू कोसळला. मागचे पाय गेले, जागच्या जागी घाण झाली, आणि जो काही आवाज त्याने काढला तो मी कधी ऐकला नव्हता. आमच्या हिला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, आणि घरात तिसरं कोणी नव्हतं. चालू अध्याय पुरा केला, पोथीवर फूल ठेवलं, नमस्कार केला आणि उठलो. त्याला पुसलं, रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं, सलाईन लावून आणलं. मग पुन्हा स्नान करून सोवळं नेसून उरलेले अध्याय रात्री पुरे केले.

आमच्या गुरुवारच्या मंडळात एक ज्येष्ठ गुरुबंधू आहेत. त्यांचा सप्ताह आजवर कधी मोडलेला नाही, आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. ते म्हणाले, "भाऊसाहेब, कुत्र्यापायी पारायण खंडित केलंत. या वयात जनावरात जीव गुंतवू नये. जडभरताचं काय झालं आठवा." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्यातल्या पुष्कळांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशी आहेत. घरात दोन म्हातारे आणि एक कुत्रं किंवा मांजर, अशी किती घरं आपल्या देवळाच्या आसपासच निघतील. मग तो जीव शेवटच्या घटकेला आडवा येणार का, ही भीती खरी आहे.

म्हणून भरताची कथा पुन्हा काढून नीट वाचली. पाचव्या स्कंधात आहे. राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करणाऱ्या भरत राजाने पाण्यात पडलेलं हरणाचं पाडस वाचवलं. आई मेलेली. त्याला वाढवता वाढवता त्याचे यमनियम एकेक करून सुटले, आणि मरताना डोळ्यांपुढे हरिणच राहिलं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण पाडसाला पाण्यातून काढलं म्हणून दोष आला, असं काही मला तिथे सापडलं नाही. दोष आला तो नियम सुटले त्याचा. आणि पुढचं कोणी सांगत नाही. हरणाच्या जन्मातही भरताला मागची आठवण होती. तो कळप सोडून परत आश्रमाजवळ येऊन राहिला. पुढच्या जन्मी जडभरत होऊन मुक्त झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत वाढली, खातं बुडालं नाही.

कपोताचं उदाहरणही असंच देतात. पण पारव्याची ती गोष्ट बायकापोरांच्या मोहाची आहे. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून पारवी आत गेली, ती गेली म्हणून पारवा. ती ऐकून कुत्रं सोडा म्हणणारे नातवंडांना सोडा असं कधी म्हणत नाहीत! मोहाची तपासणी करायचीच तर आधी त्या खात्याची व्हावी. भूतयज्ञ तर गृहस्थाच्या नित्यकर्मांत सांगितलाच आहे. वैश्वदेवानंतर कुत्र्याकावळ्याचा घास काढायचा, ही आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत रोजची गोष्ट होती.

आणि जी पोथी मी वाचत होतो तिच्यातच बाविसावा अध्याय आहे. गाणगापुरात इतकी श्रीमंत घरं असताना नृसिंहसरस्वती महाराज भिक्षेला गेले एका दरिद्री ब्राह्मणाच्या घरी. त्याच्याकडे होती एक म्हातारी, दात पडलेली, वांझ म्हैस. माती वाहायला तिला लोक भाड्याने नेत. महाराजांनी दूध मागितलं आणि तिने ते दिलं. आपण दुधाचा चमत्कार सांगतो. मला दरवेळी वाटतं, दूध न देणारी म्हैस दात पडेपर्यंत त्या घरात टिकली, तिने दिलेल्या मातीभाड्यावर का होईना, पण टिकली. गेल्या वर्षी कोसळलेल्या काळूपाशी बसलो असताना मला हाच अध्याय आठवत होता.

आपल्या मुलखात तर ही शिकवण पावलोपावली आहे. शेवगावच्या पलीकडे पैठण. तिथल्या नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. नाथांची यात्रा खंडित झाली असं कोणी म्हणतं का? त्याच पैठणात ज्ञानोबामाउलींनी रेड्यामुखी वेद वदवले. पुढची हकीकत मात्र कमी जणांच्या ध्यानात राहते. कथा अशी की तो रेडा मग भावंडांबरोबर चालू लागला, आणि वाटेत आळ्याला त्याने देह ठेवला. नगर-कल्याण रस्त्याने जाताना आळेफाट्याच्या अलीकडे उतरा, रेड्याची समाधी आहे. वेद म्हणून झाले म्हणून त्याला पैठणात सोडून दिलं नाही.

शिर्डीचंही तेच. १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवला. त्याच्या सात दिवस आधी दरवेशी लोक साखळदंडांनी बांधलेला एक आजारी वाघ गाडीवर घालून घेऊन आले. वाघाचे खेळ करून पोट भरणारी माणसं ती. वाघाने बाबांकडे पाहिलं, शेपटी जमिनीवर आपटली आणि प्राण सोडला. बाबांनी त्याला तिथेच महादेवाच्या देवळापाशी मूठमाती देवविली. तर्खडबाईंनी भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली ती आपल्याला पोचली, असं बाबांनी त्यांना सांगितल्याचं साईसच्चरितात नवव्या अध्यायात आहे. हेमाडपंतांनी ते किती प्रेमाने लिहिलंय ते मुळातूनच वाचावं.

नियम मोडा असं मी कोणाला सांगत नाही. सप्ताहाचे नियम मी पाळतो, नातवालाही शिकवतो. आमच्या ज्येष्ठ गुरुबंधूंना मी एवढंच विचारलं, की बाहेर काळूच्या जागी तुम्ही कोसळला असतात तर मी अध्याय पुरा करून उठायचं, की दिवसाचं वाचन पुरं करून? ते हसले. उत्तर अजून दिलेलं नाही.

थोरले चिरंजीव पुण्याहून दर आठवड्याला फोन करतात. "बाबा, आता इकडेच या, दोघांचंही वय झालं." सोसायटीत कुत्रा चालत नाही, म्हणून काळूला गावाकडे कोणाला तरी द्या, असं एकदा चाचरत म्हणाले. आमच्या हिने फोन माझ्या हातून घेतला आणि शांतपणे सांगितलं, "अरे, त्याचे मागचे पाय चालत नाहीत. त्याला नवीन माणसांची ओळख करून द्यायला आता वेळ नाही. तो जाईपर्यंत आम्ही इथेच." त्यावर तिकडून काही बोलणं झालं नाही. पुढच्या रविवारी मुलगा स्वतः आला आणि ओट्याला उतार करून गेला, म्हणजे काळूला उचलावं लागू नये.

यंदाचा सप्ताह आता तोंडावर आला आहे. काळूची सोय पाहून वाचन पहाटे एक तास अलीकडे घेतलं आहे. मी आत पोथीवर, ही बाहेर ओट्यावर काळूजवळ. त्याच्यासाठी जाड पोतं अंथरलंय, हिच्यासाठी खुर्ची. तिथून पोथी ऐकू येते का ते काल वाचून पाहिलं. येते, दार अर्धं उघडं ठेवलं तर.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥