मोजकं गाणं

ज्याला तास-दीड तास ख्याल रंगवता येतो, त्यानं पाच मिनिटांत थांबायचं ठरवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या नाट्यसंगीताचा विचार करताना मन पुन्हापुन्हा तिथंच येऊन ठेपतं. बुवांजवळ काय नव्हतं? गोव्यात मंगेशीच्या देवळाची सेवा करणाऱ्या घरात १९२९ साली जन्म. वडील बाळूबुवा कीर्तनकार, त्यामुळं शब्द सुरात कसा ठेवायचा हे लहानपणापासून कानावर पडलेलं. गिरिजाबाई केळेकरांकडे सुरुवातीची तालीम, मग जगन्नाथबुवा पुरोहित आणि अजमत हुसेन खाँ यांच्याकडे आग्र्याच्या वळणाचं गाणं, पुढं गुलूभाई जसदनवाला यांच्याकडून जयपूर-अत्रौलीचे अनवट राग. संस्कृत साहित्याचा अभ्यास होताच. आकाशवाणीच्या कोंकणी विभागात काम करताना सुगम गाण्यांना चाली लावण्याचा हातही बसला होता. इतकं सगळं गाठीशी असलेला माणूस १९६४ साली ‘मत्स्यगंधा’च्या चाली बांधायला बसला, आणि आपल्या विद्येतलं बरंचसं त्यानं रंगमंचाच्या बाहेर ठेवलं.

हे बाहेर ठेवणं किती अवघड होतं, ते कळायला थोडं मागं जावं लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं, तेव्हा पदं पुष्कळ होती, पण छोटी आणि संवादासारखी होती. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, आणि मराठी माणसाच्या कानाला थेट रागदारीची गोडी लागली. त्या काळाचं ऋण आपल्यावर मोठं आहे. खेड्यापाड्यांतल्या ज्या माणसांनी मैफल कधी पाहिली नाही, त्यांच्यापर्यंत यमन आणि भीमपलास नाटकाच्या पदांतून पोचले. पण वन्समोअर वाढत गेले. एकेक पद पुन्हापुन्हा गायलं जाऊ लागलं, खेळ पहाटेपर्यंत लांबू लागले. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी कृष्णाला काय सांगते आहे हे बाजूला राहायचं आणि ती भूमिका करणारे बालगंधर्व या वेळी कोणती नवी जागा घेतात, यासाठी थिएटर श्वास रोखून बसायचं. मग बोलपट आला. ‘मानापमान’चे तेच गोविंदराव टेंबे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त संगीतकार आणि नट म्हणून उभे राहिले. नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडत गेल्या.

१९६०नंतर संगीत नाटकाला पुन्हा पालवी फुटली, ती एकट्या अभिषेकीबुवांमुळं नव्हे. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ वसंत देसाईंच्या चालींसह आधीच आलं होतं, राम मराठ्यांच्या चालींचं ‘मंदारमाला’ गाजत होतं. तरीही ‘मत्स्यगंधा’नं जे केलं ते निराळं होतं. नाटक वसंत कानेटकरांचं, संस्था मुंबईची गोवा हिंदू असोसिएशन. सत्यवतीच्या भूमिकेत आशालता वाबगावकर, पराशराच्या भूमिकेत रामदास कामत. कामतांचा गळा तयार होता, रागाचा भार त्यांच्यावर टाकता येत होता. आशालताबाई बैठकी गाजवणाऱ्या गायिका नव्हत्या. त्यांच्याकडे स्वच्छ आवाज होता आणि अभिनय होता. बुवांनी सत्यवतीला दिलेल्या चाली ऐका. त्यांत कोळ्याच्या पोरीचा नदीकाठचा मोकळेपणा आहे, सूर लांबवून दाखवण्याची घाई नाही. पराशराच्या पदांना मात्र ऋषीला शोभेल असा विस्तार आहे. दोन माणसं गाऊ लागली की त्यांच्यातलं वयाचं, विद्येचं, जगाचं अंतर चालीतूनच कळतं. हे साधायला गायकाच्या गळ्याची मर्यादा नीट पाहावी लागते, आणि ती मर्यादा उणी न दिसता पात्राचा स्वभाव म्हणून दिसेल अशी चाल शोधावी लागते. असं काम स्वतःच्या विद्येच्या प्रेमात पडलेल्या माणसाच्या हातून होत नाही.

‘ययाति आणि देवयानी’ दोन वर्षांनी आलं, तेही त्याच वाटेनं गेलं. ‘लेकुरे उदंड जाहली’त तर रागसंगीताचा आग्रहच सोडून त्यांनी श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे यांना बोलता बोलता गाण्यात शिरवलं. पण मला थांबावंसं वाटतं ते ‘कट्यार काळजात घुसली’पाशी.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’नं १९६७च्या डिसेंबरात रंगमंचावर आणलं. विषयच गाण्याचा. एका संस्थानातले दोन गवई, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. एकाचं गाणं शांत, अंतर्मुख, दुसऱ्याचं तेजस्वी, समोरच्याला दिपवून टाकणारं. लेखकानं दोन घराणी कागदावर लिहिली, पण ती ऐकू येणार कशी? सामान्य प्रेक्षकाला घराण्यांतला फरक भाषणानं समजावून देता येत नाही. बुवांनी एकाच पदाला दोन चाली दिल्या. शब्द तेच, एक अक्षर बदललेलं नाही. पंडितजींच्या तोंडी ते पद सालगवराळीत येतं, संथ, एकेका शब्दापाशी रेंगाळणारं. खाँसाहेबांच्या तोंडी तेच पद धानीत येतं आणि लयीवर स्वार होऊन निघतं. ज्याला या रागांची नावंही ठाऊक नाहीत, त्यालासुद्धा त्या क्षणी कळतं की ही दोन वेगळी मनं आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. कुणाचं गाणं वरचढ, हा प्रश्न नाटकातल्या दरबाराला पडतो. चाली बांधणाऱ्यानं मात्र कुणालाही हलकं लेखलेलं नाही. पंडितजी हरतात तेव्हा त्यांची चाल कच्ची ठेवून बुवांनी कथेला सोपी मदत केली नाही. म्हणूनच ती हार मनाला लागते.

हे करायला दोन्हीकडचं गाणं जिव्हाळ्यानं शिकलेला माणूस लागतो. अभिषेकीबुवा एका गुरूपाशी थांबले नाहीत, म्हणून त्यांच्या गायकीबद्दल बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. माझं मत सरळ आहे. त्यांनी अनेक दारं ठोठावली नसती तर ‘कट्यार’ला त्या चाली मिळाल्या नसत्या. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे हेही तसेच, अनेक ठिकाणचं वेचून स्वतःचं घडवलेले. आपल्या अंगानं गाण्याला वसंतरावांना या चालींत भरपूर जागा मिळाली. ती त्यांनी कशी भरून काढली, हे रेकॉर्ड ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पंडितजींच्या भूमिकेतल्या भार्गवराम आचरेकरांचा सूर तितकाच मनात राहतो, पण त्यांचं नाव आज कमी घेतलं जातं, याची मला हळहळ वाटते.

पुढं या पदांचं काय झालं? नाटकांचे प्रयोग कमी झाले आणि पदं मैफलीत गेली. आता ख्यालानंतर नाट्यपदाची फर्माईश होते, आणि पाच मिनिटांत बांधलेलं पद अर्धा तास चालतं. बुवाही मैफलीत आपली पदं गात. पद बैठकीत नेऊच नये, असं कुणी म्हणणार नाही. त्या चालींत राग इतका पक्का भरलेला आहे की गाणाऱ्याला त्या पुढं न्याव्याशा वाटणं साहजिकच आहे. पण ऐकणाऱ्याला ते पद कोण गातं आहे, कुणासाठी गातं आहे, त्याआधी काय घडलं आहे, हे ठाऊक नसेल तर त्याच्या वाट्याला चालीचा अर्धाच भाग येतो. सत्यवतीचं पद सत्यवतीशिवाय सुंदर लागतं. सत्यवतीसह ऐकलं तर ते जिव्हारी लागतं. गाणं शिकवणाऱ्यांनी पद सांगताना आधी तो प्रवेश वाचून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला अर्धा तासही लागत नाही.

बुवा १९९८ साली गेले. लोणावळ्यात आणि पुण्यात त्यांनी शिष्यांना घरात ठेवून घेऊन शिकवलं. प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, देवकी पंडित, चिरंजीव शौनक, प्रत्येकाचं गाणं वेगळं. एकाच छापाचे शिष्य तयार करण्याची त्यांना हौस नव्हती, आणि चाली बांधतानाही प्रत्येक गळा त्यांनी वेगळाच पाहिला होता. त्यांच्या घरी राहून शिकलेला महेश काळे पुढं अमेरिकेत गेला. तिथं वाढणारी मराठी मुलं आणि मराठी न येणारी मुलंही आज त्याच्याकडून ही पदं शिकतात.

‘कट्यार’वर २०१५ साली सुबोध भाव्यांनी चित्रपट केला. बुवांच्या जुन्या चाली त्यात राहिल्या, आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या बांधल्या. त्या नव्या गाण्यांपैकी एकासाठी महेश काळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल दुसऱ्यांची, गळा बुवांच्या घरात तयार झालेला. नव्या संगीतकारांपुढं अडचण कोणती असेल, याची कल्पना करून पाहावी. पंडितजी आणि खाँसाहेब कसे गातात हे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं होतं. नवी चाल कितीही चांगली झाली, तरी या दोन माणसांच्या तोंडी ती शोभली पाहिजे. त्यासाठी त्यांना आधी बुवांच्या चाली ऐकत बसावं लागलं असणार.